खर्जाचं वजन

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या बॅटन रूज शहरात २००५ साली 'दाऊ' नावाचा बँड सुरू झाला. ३१ मे २०२४ रोजी सेक्रेड बोन्स या कंपनीनं त्यांचा 'अम्बिलिकल' हा दहा गाण्यांचा अल्बम काढला. हे संगीत पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या पदरात बहुधा दोनच गोष्टी पडतात: गिटारांची अखंड घरघर आणि तिच्यावरून येणारी एका माणसाची किंकाळी. बरेच जण तिथेच बंद करतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण या गोंगाटाच्या आत फार विचारानं केलेली बांधणी आहे. ती कळायला संगीताची परीक्षा दिलेली असावी लागत नाही. थोडा धीर मात्र लागतो.

या संगीताला डूम मेटल आणि स्लज मेटल म्हणतात. दोघांतला फरक पुढे येईल, पण पाया एकच आहे. वाजवायचं संथ, आणि वाद्यं लावायची खालच्या सुरात. जाड तारा, मोठाले अँप (ध्वनिवर्धक), ती घरघर, ती किंकाळी, एकाच अल्बमच्या दोन-दोन तबकड्या, हे सगळं या दोन निर्णयांच्या मागोमाग आलेलं आहे.

आधी खालचा सूर. याची सुरुवात एका अपघातात आहे. १९६५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा नोकरीच्या शेवटच्या दिवशी काम करत होता. यंत्रात हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. आयोमी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, आणि दाबायला सोप्या पडाव्यात म्हणून बारीक तारा वापरल्या. पुढे त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडच्या १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये त्यानं गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. तारांचा ताण कमी झाला, बोटांचा त्रास हलका झाला, आणि आवाज मात्र कितीतरी जड झाला. त्याआधी, १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या पहिल्याच अल्बमच्या शीर्षकगीतात त्यानं तीन स्वरांत धडकी भरवून दाखवली होती: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि मग मधला तीव्र मध्यम. पन्नासहून अधिक वर्षं डूम मेटलवाले या दोन अल्बमांकडे परत परत जात आले आहेत.

पण आयोमीच्या बारीक तारा आजच्या स्लज बँडला पुरत नाहीत, कारण ते याहून खूप खाली जातात. नेहमीच्या सुरात लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. ती पाच अर्धस्वर खाली आणली की कंपनं सुमारे ६२ वर येतात. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे तार तीच ठेवून एवढं उतरायचं तर ताण मूळच्या ५६ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. अशी ढिली तार गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांवर, म्हणजे फ्रेटवर, आपटते. जोरात छेडली की आधी सूर वर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. सोपा उपाय म्हणजे तार जाड घ्यायची. ०.०४६ इंचाच्या तारेऐवजी ०.०६१ इंचाची घेतली तर तोच ताण राखून पाच अर्धस्वर खालचा सूर मिळतो.

जाड तारेचा स्वतःचा एक दोष आहे. ती ताठ असते, त्यामुळे तिच्यातून निघणारे वरचे उपस्वर नेमक्या जागी न बसता किंचित चढे लागतात. अशा तारांवर तीन-चार वेगवेगळे स्वर एकत्र वाजवले की सगळा चिखल होतो. म्हणून या संगीतात बहुतेक वेळा फक्त षड्ज आणि पंचम एकत्र वाजतात. गिटारवादक याला पॉवर कॉर्ड म्हणतात. वरवर पाहता ही कल्पनेची गरिबी वाटेल. पण डिस्टॉर्शनमधून गेल्यावर या दोन स्वरांचं जे होतं, ते या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत सुंदर वाटणारं भौतिकशास्त्र आहे.

अँपला त्याच्या कुवतीबाहेरचा संदेश दिला की ध्वनिलहरीचे उंचवटे कापले जातात. हेच डिस्टॉर्शन. या कापाकापीतून मूळ आवाजात नसलेले नवे स्वर तयार होतात. काही मूळ स्वरांच्या पटीत असतात, तर काही दोन स्वरांच्या बेरीज-वजाबाकीतून येतात. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी एक, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा षड्ज. आपल्या उतरवलेल्या तारांवर ६२ आणि ९३ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले की अँपमधून ३१ कंपनांचाही एक स्वर डोकावतो. पाच तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार तेवढ्याच कंपनांची असते. गिटारवर हा सूर देणारी तारच नाही, तरी तो ऐकू येतो. त्यात गंधार मिसळला की असे आगंतुक स्वर वाढतात आणि एकमेकांना भिडतात. पंचमाबरोबर ते गुण्यागोविंदानं राहतात.

आता लय. मिनिटाला ५० मात्रा या गतीत दोन मात्रांमध्ये १.२ सेकंदांचं अंतर पडतं. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला पुढची अडचण लगेच कळेल. मात्रा लांब गेल्या की मधली जागा कशानं तरी धरून ठेवावी लागते, नाहीतर लय सुटते. तबलजी ती भरीच्या बोलांनी धरतो. इथे ते काम प्रामुख्यानं गिटारच्या लांबणाऱ्या स्वरानं करायचं असतं. साधी तार छेडल्यावर लगेच विरायला लागते. पण डिस्टॉर्शन लहरीचं टोक कापतं आणि विरत जाणारी शेपूट वर उचलतं, त्यामुळे स्वर जास्त वेळ त्याच जाडीचा राहतो. अँप पुरेसा मोठा लावला तर स्पीकरमधून येणारा आवाज तारेलाच पुन्हा हलवतो, तार पुन्हा अँपला आवाज देते, आणि स्वर संपतच नाही. हाच फीडबॅक. इतर बऱ्याच संगीतात तो ध्वनिव्यवस्थेचा बिघाड समजतात. इथे तो वाद्याचाच भाग आहे. म्हणजे मोठा आवाज हा माज नाही, गरज आहे. तेवढ्या आवाजाशिवाय तार आणि स्पीकर यांचं हे चक्र सुरूच होत नाही.

ड्रमवादकाची परीक्षा याहून कठीण असते. जलद गतीत थोडं पुढेमागे झालेलं खपून जातं. संथ गतीत प्रत्येक ठोका उघडा पडतो. चांगला डूम ड्रमवादक मनातल्या मनात मात्रेचे तुकडे मोजत राहतो, झांजा लांब घुमू देतो, आणि ठोका अगदी शेवटच्या क्षणापर्यंत रोखून धरतो. श्रोत्याचं अंग पुढे झुकतं ते त्या रोखण्यामुळे.

डूम आणि स्लज यांच्यात फरक आहे तो संतापाचा. कँडलमास किंवा सेंट व्हायटस यांच्या डूममध्ये गायक गातो. दुःख असतं, पण सुरेल असतं. स्लजमध्ये हार्डकोर पंक हे वेगवान, संतापी संगीत शिरलं. १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगनं 'माय वॉर' या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला तीनच लांबलचक, रखडत चालणारी गाणी ठेवली. वेगाची सवय लागलेले त्यांचे चाहते वैतागले. पण वॉशिंग्टन राज्यातल्या माँटेसानो या छोट्या गावच्या मेलव्हिन्सनं ते मनावर घेतलं आणि १९८७ च्या 'ग्लूई पोर्च ट्रीटमेंट्स'मध्ये सबाथचं वजन आणि पंकचा संताप एकत्र आणला. पुढच्याच वर्षी लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये आयहेटगॉड हा बँड सुरू झाला. पाठोपाठ क्रोबार आला. त्यांनी त्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ब्लूजचा झोका मिसळला. हा झोका फार महत्त्वाचा आहे. तो नसता तर हे संगीत नुसतं जड झालं असतं.

लुइझियानाच का, याचं उत्तर म्हणून दलदल, दमट उकाडा आणि मिसिसिपी नदी यांच्याकडे बोट दाखवण्याची पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. दलदल पुष्कळ ठिकाणी असते. एका गावाचा आवाज तयार होतो तो तेच हात अनेक बँडमध्ये वाजवतात म्हणून. जिमी बोवर आयहेटगॉडमध्ये गिटार वाजवतो, डाउनमध्ये ड्रम वाजवतो, आणि क्रोबारमध्येही त्यानं ड्रम वाजवले आहेत. क्रोबारचा कर्क विंडस्टाइन अनेक वर्षं डाउनमध्ये होता. त्याच डाउननं १९९५ च्या आपल्या पहिल्या अल्बमला 'नोला', म्हणजे न्यू ऑर्लिन्स, लुइझियाना, हेच नाव दिलं. अशा देवाणघेवाणीत एकाची सवय दुसऱ्याला लागते आणि बाहेरच्याला तो त्या मातीचा गुण वाटतो.

दाऊ हा बँड या मंडळींच्या पुढच्या पिढीचा. बॅटन रूज न्यू ऑर्लिन्सहून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. स्वतःचं स्वतः करायचं, या पंकच्या शिस्तीत हा बँड वाढला. एकाच साच्यात राहणं त्यांना जमत नाही. २०१८ साली 'मॅगस' हा मोठा अल्बम काढण्यापूर्वी त्यांनी तीन छोटे अल्बम काढले, आणि तिन्हींचा बाज वेगळा ठेवला. त्यांतला 'इनकन्सोलेबल' चक्क शांत, बिनगोंगाटाचा आहे. २०२० साली गायिका एमा रूथ रंडल हिच्याबरोबर त्यांनी एक अख्खा अल्बम केला.

दाऊमध्ये तीन गिटार आहेत. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी वाजवणं हा त्यामागचा मुख्य हेतू नाही. अनेकदा तिघं एकच रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा स्वरसमूह, वाजवतात. पण तीन हात कधीच तंतोतंत एकसारखे पडत नाहीत. एक तार ६२ आणि दुसरी ६२.५ कंपनांवर असेल तर दर दोन सेकंदांनी एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. अशा अनेक हळू लाटा एकमेकींत मिसळल्या की जे जाडपण येतं, ते एका गिटारचा आवाज वाढवून मिळत नाही. हेडफोन लावून एखादा लांबलेला स्वर ऐकलात तर ही हालचाल स्पष्ट जाणवते.

आणि ती किंकाळी. गायक ब्रायन फंक याचा आवाज उंच आणि खरखरीत आहे. खालची सगळी जागा गिटार, बेस आणि ड्रमनं व्यापलेली असताना खर्जात गुरगुरणारा आवाज बुडून गेला असता. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि खरखरीत किंकाळीचा बराच जोर त्याच पट्ट्यात पडतो. शब्द मात्र कळत नाहीत. ते छापील वाचावेत, कारण ते वाचण्याजोगे आहेत. 'अम्बिलिकल'मध्ये बोट जगाकडे कमी आणि स्वतःकडे जास्त आहे. तरुणपणी घेतलेल्या शपथांना आपण किती जागलो, हा प्रश्न गायक स्वतःलाच विचारतो.

या अल्बमचं वेगळेपण लयीत आहे. 'मॅगस'मधली काही गाणी दहा मिनिटांच्या आसपास जातात. इथली बरीचशी त्याहून पुष्कळ आटोपशीर आहेत, आणि अनेक ठिकाणी बँड हार्डकोरच्या वेगानं धावतो. संथपणा हा पाया म्हटल्यावर हे उलटं वाटेल. पण वेगातून अचानक संथ लयीत उतरल्यावर जे वजन अंगावर येतं, ते सुरुवातीपासून संथ चाललेल्या गाण्यात येत नाही. मला 'अम्बिलिकल' त्यांच्या सर्वोत्तम कामांपैकी एक वाटतो तो या उतरण्यांमुळे. त्यांच्याच २०१४ च्या 'हीदन' या अल्बमचा पसारा त्यात नाही, पण नेमकेपणा जास्त आहे.

तबकडीबद्दल थोडं. खालचे सूर कोरताना सुईला आडवं खूप हलावं लागतं आणि खाचा जास्त जागा खातात. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना यंत्र तो परत वाढवतं. तरीही अशा संगीताच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे जाणं धोक्याचं, आणि डूमचे अल्बम दोन तबकड्यांवर जातात ते त्यामुळेच. स्लीप या बँडचं 'डोपस्मोकर' हे एकच गाणं तासाहून मोठं आहे, म्हणजे ते एका बाजूवर मावणं शक्यच नाही.

ऐकायचं कसं? मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या इवल्या स्पीकरला ६२ कंपनांचा सूर काढताच येत नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो ओळखतो, पण अंगाला तो लागत नाही. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर घ्या. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' आधी ऐका, मग आयहेटगॉडचा १९९३ चा 'टेक अ‍ॅज नीडेड फॉर पेन', आणि मग दाऊकडे या. पहिल्या ऐकण्यात गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त ड्रमच्या मागे चाला. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवा.

प्रत्यक्ष मैफलीला जायचा योग आला तर इअरप्लग घेतल्याशिवाय जाऊ नका. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास राहता येतं, आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं, आणि डूमच्या मैफली याहून मोठ्या असतात. इअरप्लग लावल्यानं खर्ज हरवत नाही, तो छातीतून पोचतोच. कानाच्या आतल्या पेशी मात्र एकदा गेल्या की परत येत नाहीत.