दाराबाहेरची न दिसणारी पाटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागोठण्याच्या आमच्या घरी इंटरनेट होतं, पण वरच्या खोलीत रेंज पोचत नव्हती. ठाण्याच्या मुलीने तिच्याकडचा जुना वाय-फायचा राऊटर पाठवून दिला आणि गावातल्या केबलवाल्याने तो वर जोडून दिला. दुसऱ्या दिवशी पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला निघायचं होतं. खोलीत बसूनच मोबाइलच्या नकाशाला विचारलं, किती वेळ लागेल? इथून पाली म्हणजे फार तर अर्धा तास. नकाशा म्हणाला, अडीच तास! पाहतो तर निळा ठिपका मुलीच्या सोसायटीवर, थेट ठाण्यात ठाण मांडून बसलेला.

मुलीला फोन केला. ती हसून म्हणाली, ‘‘बाबा, मोबाइलला वाटतंय तुम्ही माझ्याकडेच आलाय.’’ आम्ही हसण्यावारी नेलं. पण हा राऊटर आधी कुठे होता, हे मोबाइलला सांगितलं कुणी?

उत्तर साधं आहे. राऊटर मुका नसतो. आपण वापरत असू वा नसू, तो साधारणपणे सेकंदाला दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत असतो. त्या हाळीत दोन गोष्टी असतात. एक, आपण वाय-फायला दिलेलं नाव. दुसरी, यंत्राचा स्वतःचा क्रमांक. अंक आणि अक्षरं मिळून हा क्रमांक, योगायोगाने, आधारसारखाच बारा स्थानांचा. नाव बदललं तरी हा क्रमांक सहसा बदलत नाही.

स्लॅबखाली उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही. अशा वेळी मोबाइल आसपासच्या राऊटरचे क्रमांक ऐकतो आणि कंपनीकडे पाठवतो. कंपनीच्या वहीत कोणता क्रमांक कुठे आहे याची नोंद असते. त्यावरून तुम्ही कुठे आहात ते ठरतं. माझ्या राऊटरच्या नोंदीपुढे अजून ठाणंच लिहिलेलं होतं.

ही वही भरली कशी? गुगलच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’च्या गाड्या जगभर रस्त्यांचे फोटो काढत फिरत होत्या, तेव्हा त्या घराघरांतल्या वाय-फायची नावं आणि क्रमांकही टिपत होत्या. १४ मे २०१० रोजी कंपनीने कबूल केलं, की बिनकुलपाच्या वाय-फायवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही चुकून गोळा झाले. फ्रान्सने मार्च २०११ मध्ये एक लाख युरोंचा दंड केला. क्रमांक आणि ठिकाण एकत्र आले की ती वैयक्तिक माहिती होते, असं हॉलंडच्या नियामकाने ठरवलं. त्यानंतर नोव्हेंबर २०११ मध्ये गुगलने यातून बाहेर पडण्याची सोय दिली.

आता गाडीचीही गरज नाही. आपले मोबाइलच हे काम करतात. गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने चाकरमान्यांची रांग लागते. त्यातल्या कितीतरी मोबाइलना रस्त्यालगतच्या घरांची हाळी ऐकू येत असणार. घरी आलेल्या पाहुण्याचंही तेच.

कुणी म्हणेल, आमच्या वाय-फायला पासवर्ड आहे. तो धडा आपण २००८ साली शिकलो. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग निघाला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणारा अमेरिकन गृहस्थ चौकशीच्या फेऱ्यात सापडला. बाहेरच्याच कुणीतरी त्याचं वाय-फाय वापरलं होतं, असं तपासात पुढे आलं. वाय-फाय भिंतीपाशी थांबत नाही, हे तेव्हा कळलं आणि लोकांनी कुलपं लावली. पण कुलूप आतल्या मजकुराला असतं, दारावरच्या पाटीला नाही. क्रमांकाची हाळी पासवर्ड असूनही चालूच राहते.

पाटी तर सगळेच लावतात, मग बिघडलं कुठे? रस्त्यावरून जाणाऱ्याने एक पाटी वाचणं वेगळं आणि साऱ्या जगाच्या पाट्या एका वहीत उतरवून ठेवणं वेगळं. २०२४ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की ॲपलच्या अशा वहीला बाहेरून कुणीही क्रमांक विचारून त्याचं ठिकाण मिळवू शकत होतं. समजा, छळाला कंटाळून एखादी बाई घर सोडते आणि सामानाबरोबर राऊटरही नेते. तिने नवा पत्ता कुणालाच सांगितलेला नाही. पण जुन्या घरातल्या माणसाला तो क्रमांक ठाऊक असेल, तर राऊटरच पत्ता सांगून मोकळा.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. राऊटरच्या क्रमांकाचा कायद्यात नावाने उल्लेख नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? वाय-फायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर घालू नका. नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि त्यापुढे इंग्रजी लहान लिपीत एन, ओ, एम, ए, पी ही अक्षरं जोडा. ही खूण गुगल मानतं आणि २०२४ पासून ॲपलही. नुसतं नाव लपवून उपयोग नाही, क्रमांक तरीही ऐकू जातो. आणि पत्ता गुप्त ठेवायचा असेल, तर जुना राऊटर बरोबर नेऊच नका.

माझ्या राऊटरचं पुढे काय झालं? आठ-दहा दिवसांनी निळा ठिपका आपोआप नागोठण्याला आला. घरच्यांना हायसं वाटलं. मी मात्र त्याच संध्याकाळी मुलीला विचारून ती पाच अक्षरं जोडून घेतली. कारण राऊटरचा पत्ता बदलल्याचं मी कुणालाच कळवलेलं नव्हतं.