सासवडचा मुक्काम

मुलांनो, वारीचे फोटो तुम्ही पेपरात बघता ना? दिवे घाटाचा फोटो तर हमखास असतो. नागमोडी रस्ता, माणसंच माणसं आणि मधे माउलींचा रथ. पण घाट चढून गेलेली ही माणसं दुसऱ्या दिवशी काय करतात, ते कुणी छापत नाही. आज तेच सांगते.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते. पुण्यात दोन मुक्काम होतात. मग बहुधा एकादशीला पुणे सोडायचं आणि त्याच दिवशी सासवड गाठायचं. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. त्यात वडकीच्या पुढे घाटाची चढण, आणि वर उपास! घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. माणसाला कोण जोड देणार? तो ‘ज्ञानोबा-तुकाराम’ म्हणत चढतो.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी पालखी हलत नाही. सासवडला पुन्हा दोन रात्री.

कऱ्हेकाठचं हे गाव त्या दिवशी धोब्याचं अंगण होतं. जिकडे बघावं तिकडे धोतरं नि लुगडी वाळत घातलेली. कुणी दाढी करून घेतं, कुणी तुटलेल्या चपलेला टाके घालून घेतं. पाय चेपून देणारे, तेल लावणारे, फोडांना पट्ट्या बांधणारे डॉक्टर, सगळे फुकट सेवा करतात. द्वादशीचं पारणं होतं. मग तंबूत गाढ झोप. भजन मात्र कुठे ना कुठे चालूच.

आपल्या मराठवाड्यातून कितीतरी माणसं या वारीला जातात. आमच्या गावातल्या एक आजी सांगतात, ‘‘चालताना घर याद येत नाही बाई, थांबलं की येतं.’’ त्या सासवडहून लेकाला फोन करतात. पहिला प्रश्न एकच, ‘‘पाणी पडलं का रे? पेरलं का?’’ तिकडून ‘‘नाही’’ आलं, की आजींची दुपारची झोप गेलीच म्हणून समजा. सोयाबीनचं बी महाग, दुबार पेरणी कुणाला परवडते?

आता जरा शरीराकडे वळू. खूप चाललं की पोटऱ्यांच्या स्नायूंतले बारीक तंतू कुठे कुठे फाटतात. दुखणं लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी जोर करतं. त्याचं खापर पुष्कळजण लॅक्टिक आम्लावर फोडतात, पण ते तर थांबल्यावर तासाभरात ओसरतं! तंतू सांधायला झोप, जेवण आणि वेळ लागतो. पायाचा फोडही तसाच. घासून कातडीचे थर सुटतात, मधे पाणी साचतं. वरची कातडी हे त्याचं झाकण, म्हणून तो उगाच फोडायचा नसतो बरं का!

हिमालयात तर असा दिवस चुकवला तर जिवावर बेततं. एव्हरेस्टच्या वाटेवर नामचे बाजार नावाचं गाव आहे, ३४४० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश. गिर्यारोहक तिथे दोन रात्री राहतात. दिवसा थोडं वर चढून येतात आणि झोपायला खाली नामचेतच. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला सवड हवी. ती न देता घाईने वर गेलं, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचून धडधाकट तरुणसुद्धा दगावतो.

सासवडला थांबण्याचं आणखी एक कारण. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानदेव यांची समाधी इथेच आहे. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली आणि महिन्याभरात सोपानदेवांनी इथे. या भावंडांच्या समाधीचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. नामदेव म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे! वारकरी समाधीला रांग लावतात, आणि याच मुक्कामात सोपानकाकांची पालखीही पंढरीला निघते. म्हणजे मोठ्या भावाने येऊन धाकट्याला हाक मारावी तसं.

त्रयोदशीला पहाटे तंबू उतरतात. पुढचा मुक्काम जेजुरी. तिथे पालखीवर भंडारा उधळतात, हळदीचा. आपल्या वसमतकडच्या हळद पिकवणाऱ्या माणसाला तिथे एकदम घरचा वास येतो.