अंध वादक जॉर्ज शिअरिंग

मुलांनो, आपल्या देवळातली पेटी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. एकादशीला भजनात ती वाजते. आज मी तुम्हाला पेटीच्या दोन भावंडांची आणि ती दोन्ही वाजवणाऱ्या एका माणसाची माहिती सांगणार आहे. ही माहिती मला गुरुजींनी सांगितली.

त्या माणसाचे नाव जॉर्ज शिअरिंग. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमध्ये लंडन शहरात झाला. त्यांना जन्मापासून दिसत नव्हते. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील घरोघर कोळसा पोचवायचे. आई रात्री आगगाडीचे डबे साफ करायला जायची. म्हणजे घरची गरिबीच होती. पण तिसऱ्या वर्षापासूनच ते पियानो वाजवू लागले. पुढे अंध मुलांच्या शाळेत चार वर्षे ते नीट शिकले.

पियानो हे मोठे, जड वाद्य असते. त्याला ८८ पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. त्याला भाता नसतो. दुसरे वाद्य म्हणजे अकॉर्डियन. ते गळ्यात अडकवतात. त्याला आपल्या पेटीसारखा भाता असतो. भात्याच्या हवेने आतल्या धातूच्या बारीक जिभा थरथरतात आणि सूर निघतो. उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या, डाव्या हाताने भाता ओढायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी बारीक बटणेही दाबायची. लई अवघड काम आहे!

मी गुरुजींना विचारले, ''दिसतच नाही तर पट्टी कशी सापडायची?'' गुरुजी म्हणाले, ''देवळात जा, डोळे मीट अन् पेटीला हात लाव. मग सांग.'' मी गेले. बरोबर माझ्या धाकट्या चुलतभावाला नेले. हात लावल्यावर कळले. काळ्या पट्ट्या पांढऱ्यांपेक्षा उंच असतात. आधी दोन काळ्या, मग थोडी जागा, मग तीन काळ्या. पुन्हा दोन, पुन्हा तीन. असे शेवटपर्यंत. पियानोच्या आणि अकॉर्डियनच्या पट्ट्याही अशाच असतात. म्हणून बोटांना जागा कळते.

अंध लोकांसाठी ब्रेल लिपी आहे. तिच्यात सहा ठिपक्यांची अक्षरे असतात. ती बोटांनी वाचतात. गाण्याचे सूरही तिच्यात लिहिता येतात. पण हात वाचत असेल तर तो वाजवणार कसा? म्हणून आधी थोडे वाचायचे, ते पाठ करायचे आणि मग वाजवायचे.

शाळा संपल्यावर शिअरिंग यांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळत होती. पण ते एका दारूच्या गुत्त्यात पियानो आणि अकॉर्डियन वाजवायला लागले. आठवड्याला २५ शिलिंग मिळायचे. नंतर ते अंध वादकांच्या एका बँडमध्ये गेले. रेडिओवरही वाजवू लागले. १९४७ साली ते अमेरिकेत राहायला गेले.

ते जॅझ नावाचे संगीत वाजवायचे. हे संगीत अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी निर्माण केले. त्यात चाल ठरलेली असते, पण वादक दर वेळी आपल्या मनाने तिच्यात नवीन भर घालतो. आपले भजनीबुवा एकच अभंग रोज वेगळा आळवतात, तसेच. १९४९ साली शिअरिंग यांनी पाच वादकांचा संच काढला. त्यांच्या एका गाण्याच्या सुमारे ९ लाख तबकड्या खपल्या. १९५२ साली त्यांनी 'ललबाय ऑफ बर्डलँड' ही चाल बांधली. बर्डलँड हे न्यूयॉर्कमधले जॅझ ऐकण्याचे ठिकाण होते. ही चाल त्यांना दहा मिनिटांत सुचली. पण त्याआधी तीस वर्षे ते वाजवत होते, हे विसरू नका. २००७ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना 'सर' ही पदवी दिली. १४ फेब्रुवारी २०११ रोजी ते वारले. तेव्हा ते ९१ वर्षांचे होते.

आता माझ्या चुलतभावाचे सांगते. तो सहा वर्षांचा आहे. त्यालाही दिसत नाही. घरचे म्हणायचे, ''त्याला शाळेत घालून काय करायचं?'' पण त्या दिवशी देवळात दोन काळ्या, तीन काळ्या हे त्यानेच माझ्या आधी ओळखले. मी घरी येऊन काकांना शिअरिंग यांची सगळी गोष्ट सांगितली. काका काहीच बोलले नाहीत. पण काल ते शाळेच्या फाटकाशी उभे होते. गुरुजींना विचारत होते, ''नाव घालायला काय काय कागद लागतात?''

तो शाळेत आला की त्याला कुणी ''आंधळ्या'' म्हणू नका. त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी