सही न जुळणारा माणूस

'झपाटलेला' आला १९९३ साली. पुढच्याच एका गणपतीत आमच्या गोरेगावात भाड्याचा व्हिडिओ आणून तो दाखवला. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अजून परभणीतलेच. मी बँकेतला अधिकारी, बदलीच्या गावाहून सुट्टीवर आलेलो. रामदास पाध्यांचा तो बाहुला पाहून पोरं रात्री लघवीलासुद्धा एकटी उठेनात. आईला मी सहज म्हणालो, ''या तात्या विंचूचं काम केलंय ना, तोच 'चौकट राजा'मधला नंदू.''

आईने हातातलं सूप खाली ठेवलं. ''कायबी सांगू नको. ते लेकरू, अन् हा राकुस!''

नंदूसाठी ती दोन दिवस रडली होती. तिचा विश्वास बसला नाही तो नाहीच. दिलीप प्रभावळकरांना यापरती मोठी पावती कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.

बँकेत आमची सारी हयात सह्या जुळवण्यात गेली. नमुन्याची सही आणि चेकवरची सही, एक वेलांटी इकडची तिकडे झाली की चेक परत. बाजाराचंही तसंच असतं. नट एकदा एका ढंगात खपला की त्याने जन्मभर तीच सही करावी, अशी निर्मात्यांची आणि खरं तर आपलीही अपेक्षा असते. प्रभावळकरांनी दर वेळी नवी सही केली. त्याची किंमतही मोजली असणार. आमच्या गावाला पोस्टरवरचे महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे नावानिशी ठाऊक होते. तात्या विंचूही ठाऊक होता. त्यामागच्या माणसाचं नाव मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना अर्थातच ते सत्तरच्या दशकाअखेरीपासून माहीत. दूरदर्शनवरचे चिं. वि. जोशींचे चिमणराव, आणि जोडीला बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. मराठवाड्यातल्या आमच्या खेड्यात टीव्हीच नव्हता, त्यामुळे ते सुख आम्हाला मिळालं नाही. पुढे बदलीच्या गावी नाटकं पाहिली. जयवंत दळवींच्या 'नातीगोती'त ते मतिमंद मुलाचे वडील होते. पाठोपाठ १९९१ साली 'चौकट राजा'त स्वतःच तसा मुलगा झाले. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना उभं राहणं काय असतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आणि 'हसवाफसवी'! नाटक त्यांनीच लिहिलेलं, भूमिका सहा, त्यांत एक बाईचीसुद्धा. पण मनात राहिले ते जुन्या संगीत रंगभूमीवरचे वृद्ध कृष्णराव हेरंबकर. तेव्हा प्रभावळकर पन्नाशीचेही नव्हते.

इथे लेखक म्हणून एक कबुली देतो. माझ्या कादंबऱ्यांत चार म्हातारे आहेत, आणि चौघेही माझ्या वडिलांसारखेच बोलतात.

२००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली आणि चार वर्षं चालली. तिचं मूळ प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनात. तोवर आमच्या घरी केबल आली होती. रात्री रोजनिशी लिहिणारे आबा टिपरे आईला नात्यातलेच वाटू लागले. ''शेकर पंतानं बोलतं बाई बिचारं,'' म्हणायची. हेच नंदू आणि हेच विंचू, हे मी तिला पुन्हा सांगितलं नाही. २००६च्या 'लगे रहो मुन्नाभाई'त ते गांधीजी झाले. तो आणि 'शेवरी' या दोन चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या गांधींनी आवाज कुठेच चढवला नाही. पडद्यावरचे थोर पुरुष सहसा भाषणं ठोकतात. हे मुन्नाशी घरातल्या आजोबांसारखे बोलत होते.

२०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला. कोकणातला वृद्ध दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री रंगवणारे प्रभावळकर ८१ वर्षांचे. ज्याने पन्नाशीच्या आत म्हातारपण रंगवलं, त्याच्या दारी ते आता खरोखरच आलेलं. तरीही पडद्यावरचा म्हातारा त्यांचा स्वतःचा नव्हता, बाबुलीचाच होता. जुनी खोड म्हणून मी त्या चेहऱ्यात नंदू शोधत बसलो. सही जुळली नाही.

आई आता नाही. असती तर सांगितलं असतं, तुझं ते लेकरू ८१ वर्षांचं झालं. तिने सूप खाली ठेवून तेच उत्तर दिलं असतं.