जरासंधाची काडी

फाशांचं रणांगण : लेखांक ६

आजीच्या गोष्टीतला भीम जरासंधाला उभा चिरतो, शकलं फेकून देतो, आणि वळून बघतो तर शकलं सांधून जरासंध पुन्हा दंड थोपटत उभा. भीमाच्या ताकदीत काहीच खोट नव्हती. मग बाजूला बसलेला कृष्ण गवताची एक काडी उचलतो, मधोमध चिरतो आणि तिचे तुकडे उलटसुलट दिशांना टाकतो. भीमाला तेवढं पुरतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या कुणालाही हा प्रसंग सांगा. तो म्हणेल, ‘हा तर आमचा ट्रोल!’

या ट्रोलचं मूळ पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या १९६१ साली पुस्तकरूपात आलेल्या कादंबरीत आहे. त्यातल्या ट्रोलचे तुकडे केले तरी ते जुळून येतात. त्याला भिववते ती फक्त आग. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ १९७४ मध्ये छापला गेला, तेव्हा तो ट्रोल जवळपास जसाच्या तसा त्यात आला.

गेल्या वेळी आपण लढाईत आधी कोण, नंतर कोण, हे पाहिलं. आज शत्रूची माहिती वापरायची कशी ते पाहू. ‘ट्रोल आगीला भितो’ एवढं कळून भागत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ट्रोलकडे ८४ प्राणांक असतात आणि त्याची पाळी सुरू झाली की १० भरून येतात. मधल्या वेळात त्याला आगीची किंवा आम्लाची इजा झालेली असेल, तर त्या पाळीपुरतं हे भरून येणं थांबतं. इजा किती, याला मात्र महत्त्व नाही. पेटता पलिता मारला तर आगीचा एकच अंक जातो, पण त्यानंही दहा अंकांचं काम अडतं. म्हणजे चौघांनी चार आगी लावणं ही उधळपट्टी झाली. एकानं दर फेरीला चटका द्यावा, बाकीच्यांनी तलवारी चालवाव्यात. आणि जळतं तेल एकदाच पुरेल एवढं असेल, तर ते शेवटासाठी राखावं : आधी ट्रोलला शून्यावर आणायचं, मगच पेटवायचं. शून्यावर असताना पाळी आली आणि काही भरून आलं नाही, तरच तो मरतो.

याच्या उलट प्रकार ऑकर जेलीचा. पिवळट, बुळबुळीत गोळा. तलवारीनं कापला तर इजा शून्य, वर एकाचे दोन होतात. विजेचा मंत्र टाकला तरी तेच. हा आपला रक्तबीजच. इथे सगळ्यात भारी तलवार बाळगणारा गडी टोळीचा सगळ्यात मोठा शत्रू ठरतो. त्याला तलवार म्यान करायला लावून हाती सोटा देणं, हीच खरी चाल.

इथवर सोपं आहे. भांडण पुढे सुरू होतं. हे सगळं खेळाडूला ठाऊक असतं, पण त्याच्या पात्राला कुठून ठाऊक? गावाबाहेर कधी न पडलेला मेंढपाळाचा पोर पहिल्याच ट्रोलला बघून ‘तेल काढा!’ ओरडतो तेव्हा पटावरचे बाकीचे कपाळाला हात लावतात. मी सूत्रधार, म्हणजे खेळ चालवणारा, असतो त्या पटावर असा एक पाठांतरबहाद्दर होता. वैतागून मी एकदा गुपचूप ट्रोलचं आगीचं भय काढून घेतलं आणि त्याला थंडीचं भय दिलं. खेळ तासभर फसला आणि पोरं माझ्यावर चिडली. त्यांचं बरोबर होतं. माहिती असणं हा गुन्हा नाही. ती खोटी पाडायची असेल तर त्याच्या खुणा आधी दिसायला हव्यात : जळक्या रानात आरामात झोपलेला ट्रोल, किंवा गोठलेल्या ओढ्याला वळसा घालून गेलेली त्याची पावलं.

नियमांनीही यावर तोड काढली आहे. ‘पाथफाइंडर’ या अशाच खेळाच्या २०१९ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाला आपल्या पाळीत तीन कृती मिळतात. शत्रूबद्दल काही आठवायचं तर त्यातली एक खर्ची पडते. फासा सूत्रधार लपवून टाकतो, आणि दान फारच वाईट पडलं तर तो बिनदिक्कत चुकीची माहिती देतो. मला हा नियम फार आवडतो. एक घाव सोडून मिळवलेल्या माहितीला किंमत येते, आणि ती खरी की खोटी ही धाकधूक वेगळीच.

पण माझं खरं म्हणणं निराळंच आहे. दुबळी जागा एकदा कळली की संपली; पुढचे सगळे ट्रोल सारखेच. सवयी मात्र दर वेळी कामाला येतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या त्याच २०१४ च्या आवृत्तीतला किरकोळ कोबोल्ड घ्या. प्राणांक अवघे पाच. पण आपल्या लक्ष्याशेजारी साथीदार उभा असेल तर कोबोल्ड दोन फासे टाकून त्यातला मोठा घेतो. उन्हात त्याचे डोळे दिपतात आणि मग दोनांतला लहान घ्यावा लागतो. दोन्ही एकदम लागू झाले की एकमेकांना खाऊन टाकतात आणि त्याच्या हाती साधा एक फासा उरतो. तेव्हा त्याच्या बिळात शिरण्याऐवजी त्याला दुपारी बाहेर ओढा.

तो येईलच असं नाही म्हणा. ‘ड्रॅगन’ मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या १२७ व्या अंकात संपादक रॉजर मूर यांनी टकर नावाच्या सूत्रधाराच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं. अरुंद बोगदे, आडोसे, आग, भिंतीतून येणारे बाण. या किरकोळ प्राण्यांनी मुरलेल्या वीरांची टोळी पळवून लावली. त्यांच्या अंगात नवं काहीच नव्हतं. त्यांना आपलं घर ठाऊक होतं, आणि चिलखतवाले कसे चालतात तेही.

पुढच्या आठवड्यात त्या बोगद्यात शिरू. तोवर आपल्या पात्राच्या सामानात पलिता लिहिलाय का, तेवढं बघून ठेवा. तांब्याच्या एका नाण्याला मिळतो आणि तासभर जळतो.