एका माणसाच्या बळाचं घर

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकर्ड नावाचं गाव आहे. १८४५ च्या मार्चअखेरीस, तळ्यावरचा बर्फ पुरता विरघळलेला नसताना, सत्तावीस वर्षांचा हेन्री डेव्हिड थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन वॉल्डन तळ्याकाठच्या रानात शिरला आणि पांढऱ्या पाइनची कोवळी, सरळसोट झाडं पाडू लागला. जमीन त्याचा मित्र इमर्सन याची होती. ४ जुलैला थोरो तिथे स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेला.

त्या घरातलं चिंतन मराठी वाचकाला परकं नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने ते मराठीत आणलं. घराकडे मात्र सुताराच्या नजरेने क्वचितच कुणी पाहतं. लाकडी सांगाड्याचं घर एका माणसाने हातहत्यारांनी कसं घडवावं, हे मापांसकट आणि हिशेबासकट सांगणारं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

तासणी

सांगाड्याची मुख्य लाकडं थोरोने सहा इंच चौरस तासली. भिंतीतले उभे दांडे बहुतेक दोनच बाजूंनी तासले, वासे आणि जमिनीखालची लाकडं एकाच बाजूने. बाकीची साल तशीच राहू दिली. यात कष्टांची बचत आहेच, पण लाकडाची जाणही आहे. जिथे फळी टेकायची तेवढीच बाजू सपाट लागते. उरलेल्या गोलाव्यात झाडाचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. गिरणीतली करवत सरळ रेषेत चालते आणि तंतू वळले असतील तिथे त्यांना मध्येच तोडते. भार आला की लाकूड तिथूनच चिरतं. आपली लाकडं गिरणीतल्या लाकडांइतकीच सरळ आणि त्यांच्याहून बळकट आहेत, असं थोरोने नोंदवलं ते याच कारणाने.

तासण्याची रीत जुनी आहे आणि एका माणसाला जमण्यासारखी आहे. ओंडका दोन आडव्या लाकडांवर ठेवून पाचरींनी पक्का करायचा. दोन्ही तोंडांवर ओळंब्याने उभ्या रेषा आखायच्या आणि रंगवलेलं सूत ताणून ओंडक्याच्या लांबीवर मारायचं. मग थोड्या थोड्या अंतरावर रेषेपर्यंत खाचा पाडायच्या, मधला भाग मोठ्या ढलप्यांनी उडवायचा आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने किंवा वाकसाने रेषेपर्यंत यायचं. हे काम ओल्या लाकडावर करतात, कारण ओलं लाकूड हत्याराला मऊ लागतं. ते वाळताना जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. सांध्याची सगळी रचना या एका गुणावर उभी आहे.

सांधा

थोरोने आणखी काही हत्यारं उसनी मिळवली आणि प्रत्येक लाकडाचा सांधा त्याच्या बुंध्याजवळच, रानात बसून कापला. एका लाकडाच्या टोकाला कुसू, दुसऱ्याच्या अंगात खाच. सहा इंची लाकडाला साधारण दीड ते दोन इंच जाडीचं कुसू ठेवतात. खाचेसाठी गिरमिटाने ओळीत भोकं पाडायची, पटाशी आणि मोगरीने मधलं लाकूड काढायचं, आणि बाजू काटकोनात आहेत की नाहीत हे गुण्याने पुन्हा पुन्हा पाहायचं.

या सांध्यातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट म्हणजे खुंटीचं भोक. कुसवातलं भोक खाचेच्या भोकाशी मुद्दाम जुळवत नाहीत, किंचित कुसवाच्या मुळाकडे सरकवून पाडतात. वाळलेल्या कठीण लाकडाची निमुळती खुंटी ठोकली की ती वाट काढताना कुसवाला आत खेचते आणि दोन लाकडं एकमेकांना घट्ट भिडतात. खिळा किंवा शिकंजा न लावता पकड येते आणि ती वर्षानुवर्षं टिकते.

एकट्याच्या कामात इथेच कसोटी असते. हे लाकूड आज कापायचं, त्याचा जोडीदार आठवड्यानंतर, आणि दोन्ही भेटणार थेट उभारणीच्या दिवशी. म्हणून प्रत्येक लाकडाच्या लगतच्या दोन बाजू खऱ्या धरायच्या आणि सगळी मापं तिथूनच घ्यायची, हा जुन्या सुतारांचा नियम आहे. जोडीच्या लाकडांवर पटाशीने खुणेचे आकडे कोरण्याची पद्धतही युरोप-अमेरिकेत होती. तिथे रोमन आकडे वापरत, कारण सरळ रेघांचे आकडे पटाशीच्या दोन-चार घावांत उमटतात.

उभारणी

एप्रिलच्या मध्याला सांगाडा तयार झाला. भिंतींच्या फळ्यांसाठी थोरोने जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वे कामगाराची झोपडी सव्वाचार डॉलरला घेतली. फळ्या उतरवून गवतावर पसरल्या, म्हणजे उन्हाने त्यांचा बाक निघेल. मे महिन्याच्या सुरुवातीला सांगाडा उभा केला, तेव्हा मात्र त्याने परिचितांना बोलावलं. गरज होती म्हणून नव्हे, शेजारधर्माची चांगली संधी म्हणून, असं त्याचं म्हणणं.

ते किती खरं होतं, हे वजनावरून ताडता येतं. ओला पांढरा पाइन घनफुटाला साधारण १६ किलो भरतो. सहा इंच चौरस, आठ फूट उंच खांब म्हणजे दोन घनफूट, सुमारे ३२ किलो. पंधरा फुटी तुळईचं वजन साठ किलोच्या आसपास, पण एक टोक जमिनीवर ठेवून दुसरं उचलायचं तर हातावर तीसच किलो येतात. एकेक लाकूड एका माणसाला पेलतं. खांब, तुळया आणि तिरके टेकू जमिनीवर जोडून अख्खी चौकट उभी करायची झाली, तर भार कित्येक पट होतो आणि चार हात लागतात. एकट्याला दुसरा मार्ग आहे. खांब उभा करून तात्पुरत्या टेकूंनी दोन्ही दिशांना बांधायचा, तुळई टप्प्याटप्प्याने घोडीवर चढवायची, पहार, दोर आणि कप्पी यांच्याकडून दुसऱ्या माणसाचं काम करून घ्यायचं. यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. कुठलं लाकूड आधी बसलं तर पुढच्याला वाट उरेल, हे कापण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

अलास्कातल्या ट्विन लेक्सकाठी १९६८ साली रिचर्ड प्रेनेकीने असंच घर एकट्याने बांधलं आणि ते काम स्वतःच चित्रित केलं. काही हत्यारांची नुसती पाती नेऊन त्यांचे दांडे त्याने तिथेच घडवले. त्याचं घर मात्र एकावर एक ओंडके रचलेलं होतं. या पद्धतीत भिंत एकेका ओंडक्याने चढते, म्हणून एकट्याला ती सोयीची.

थोरोचं घर १० फूट रुंद, १५ फूट लांब होतं. त्याच्या विचारांनी ते जितकं लहान ठेवलं, तितकंच ते तुळईच्या वजनानेही ठेवलं, असं मला वाटतं. हाताने बांधणाऱ्याला गरज आणि हाव यांतला फरक खांद्यावर जाणवतो. खर्च झाला २८ डॉलर साडेबारा सेंट. यादीत खडूचा एक सेंटही आहे. सांगाड्याचं लाकूड, दगड आणि वाळू जागेवरची, त्यांना पैसे पडले नाहीत. त्याच काळात केंब्रिजच्या कॉलेजात विद्यार्थी खोलीचं वर्षाचं भाडं तीस डॉलर देत होते.

आपल्याकडचे सांधे

सप्टेंबर १८४७ मध्ये थोरोने ते घर सोडलं. पुढे ते दुसरीकडे हलवलं गेलं, धान्य ठेवायला वापरलं गेलं आणि अखेर मोडलं. १९४५ मध्ये रोलंड रॉबिन्स यांनी धुराड्याचा पाया खणून काढला, तेव्हा मूळ जागा निश्चित झाली. आज वॉल्डनकाठी त्याची प्रतिकृती उभी आहे, कारण त्याने मापं लिहून ठेवली होती.

आपल्याकडे हेच ज्ञान वाड्यांमध्ये आहे. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, त्यावर तुळई, दोन खांबांमधला खण हे घराचं माप, वर कडीपाट. भार सांगाडा घेतो, भिंत बरेचदा नुसता आडोसा असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडमातीच्या भिंतींनी हजारो माणसं गाडली. काही घरांत मात्र भिंती ढासळूनही लाकडी खण उभे राहिले आणि आतली माणसं वाचली. सांधा थोडा हलतो, तुटत नाही, ही त्याची ताकद.

हे सांधे कापणाऱ्या सुतारांनी मापं फारशी लिहून ठेवली नाहीत. त्यांची विद्या लाकडातच आहे, आणि वाडा पाडताना ती करवतीने कापली जाते. सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात फळ्यांच्या भावाने जातं. म्हणून वाडा उतरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे: निदान एक खण तरी खुंट्या ठोकून सोडवा. कुसवाची जाडी मोजा, खाचेची खोली मोजा, फोटो घ्या आणि एखाद्या जाणत्या सुताराला विचारून क्रम लिहून ठेवा. एवढी नोंद हाती असली, तर कुऱ्हाड, पटाशी आणि धीर असलेला कुणीही माणूस तसा खण पुन्हा उभा करू शकतो.