मिनिटाला एक बादली

एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलंच. आता ऑस्ट्रेलियातल्या मरी गावाहून बर्ड्सव्हिलला जाणारा जवळपास 520 किलोमीटरचा कच्चा रस्ता डोळ्यासमोर आणा. टपापर्यंत सामान लादलेली लँड क्रूझर ताशी 80 च्या वेगाने, लिटरला 8 चं अ‍ॅव्हरेज देत चालली आहे असं धरू. तासाला 10 लिटर. म्हणजे बॉनेटखाली 100 किलोवॅटची भट्टी पेटलेली.

त्यातलं चाकांपर्यंत पोचतं जेमतेम एक तृतीयांश. जवळपास तेवढंच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. उरलेल्यातला मोठा वाटा कूलंट उचलतं आणि रेडिएटरवाटे वाऱ्यावर सोडून देतं. हात राखून हा वाटा एक चतुर्थांश धरला, तरी 25 किलोवॅट झाले. घरातले दोन किलोवॅटचे बारा गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं! महावितरणच्या बिलातला 100 युनिटांचा पहिला टप्पा हा रेडिएटर चार तासांत संपवेल.

आता आंघोळीचा हिशेब. हिवाळ्यात तिथल्या रात्री शून्याच्या आसपास जातात. दिवसा कॅनमधलं पाणी 15 अंशांवर आलेलं असेल, तर 15 लिटरची बादली 40 अंशांपर्यंत न्यायला अर्ध्या युनिटाहूनही कमी ऊर्जा लागते. 25 किलोवॅटच्या आचेवर हे काम होतं 63 सेकंदांत. मिनिटाला एक बादली! बर्ड्सव्हिल येईपर्यंत सुमारे 370 बादल्या. आणि गाडीत माणसं दोन.

तिथले भटके लोक यातलं थोडं तरी पदरात पाडून घेतात. केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या होजमध्ये विटेएवढा हीट एक्स्चेंजर बसवायचा. आत पातळ पत्र्यांची चळत असते. पत्र्याच्या एका अंगाने कूलंट वाहतं, दुसऱ्या अंगाने आंघोळीचं पाणी. दोघांची गाठ पडता कामा नये, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, वर चवीला गोडही. बॅटरीवरचा 12 व्होल्टचा छोटा पंप बादलीतलं पाणी ओढतो आणि एक्स्चेंजरमधून फिरवून पुन्हा बादलीत सोडतो. हात घालून पाहायचं, कढत झालं असेल तर विसण घालायचं, मगच नळी शॉवरला जोडायची. घाई करून थेट शॉवरखाली उभं राहिलं तर पहिला झोत चटका देतो.

पण खरी गंमत गाडी थांबल्यावर सुरू होते. उभ्या गाडीचं इंजिन तासाला फार तर लिटरभर डिझेल पितं. बारा गीझरांचा एक उरतो. मिनिटाला 4 लिटरचा साधा शॉवर 25 अंशांनी तापवायला 7 किलोवॅट लागतात. उभं इंजिन देणार अडीच. मग बाकीची ऊब कुठून येते? लोखंडातून. अडीचशे किलोचं इंजिन आणि 10 लिटर कूलंट 85 अंशांवरून 50 वर उतरताना मिळून दीड युनिटाच्या आसपास ऊर्जा देतात. म्हणजे सव्वातीन-साडेतीन बादल्या. दिवसभरात 370 बादल्यांची ऊब वाऱ्याला आणि हाती एवढंच! म्हणून मुक्कामावर पोचल्यावर आधी आंघोळ, मग तंबू. उलटा क्रम लावला तर आंघोळीपुरतं इंजिन गुरगुरत ठेवावं लागतं, आणि शेजारच्या तंबूवाल्यांच्या शिव्या खाव्या लागतात. (रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना चुकूनही उघडू नये. आतलं कूलंट दाबाखाली असतं, शंभरीच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवताच कारंजं उडतं.)

चालत्या इंजिनाची उष्णता जागच्या जागी वापरण्याची कला खरी साधली ती जहाजांना, कारण त्यांचं इंजिन दिवसेंदिवस बंदच होत नाही. 2006 मध्ये पाण्यात उतरलेल्या 'एमा मार्स्क'चं 14 सिलिंडरांचं इंजिन घ्या. वजन 2,300 टन, ताकद 80,080 किलोवॅट. या जातीची इंजिनं इंधनातली जवळपास निम्मी ऊर्जा कामी लावतात, म्हणजे पूर्ण ताकदीवर तेवढीच वाया जाते: 40,000 गीझर. जहाजांवर सिलिंडरांभोवतीचं 80-85 अंशांचं पाणी एका बंद टाकीतल्या नळ्यांमधून फिरवतात. टाकीतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे समुद्राचं पाणी तिथे पन्नासेक अंशांतच उकळतं. वाफ निववली की गोडं पाणी तयार. मर्चंट नेव्हीतली आपली कोकणातली पोरं भर समुद्रात बहुतेक वेळा याच पाण्याने आंघोळ करतात.